बाईची सावड

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. खालापुरापासून दोन कोसांवर, पाताळगंगेच्या काठी आमचं गाव. तिथं कुणालाही विचारा, पोरं मला मागून 'ठिणगी मास्तर' म्हणायची. शेहेचाळीसच्या आषाढात पोस्टमन बांधावर उभा राहून "मास्तर, गोव्याचं पत्र हाय!" असं ओरडला, तेव्हा मी गुडघाभर चिखलात बैलांच्या मागं होतो, आणि आधी त्याच्यावरच डाफरलो. "चिखलात वाचू काय? घरी दे की!" तो निमूट घरी गेला. मी पोचेपर्यंत जयवंतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते दोनदा वाचून काढलं होतं. तिनं ते माझ्या हातात दिलं आणि भाकरी थापायला बसली.

पत्र आनंदीबाईंचं होतं. ही बाई कोण, ते सांगायला हवं.

बेचाळीसला पत्रकं वाटली म्हणून मला पकडलं. वीस महिने येरवड्याला होतो. गावची शाळा गावानंच धर्मशाळेत चालवलेली, मास्तर मी एकटा. मी गेलो आणि शाळेला कुलूप लागलं. आनंदीबाई गोव्याच्या, फोंड्याकडच्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. भाऊ माथेरानच्या एका हॉटेलात कारकून, त्याच्याकडं हवापालटाला आल्या होत्या. खालच्या गावात मास्तर तुरुंगात गेला, साठ पोरं उनाडतायत, हे कुणाकडून तरी कळलं आणि ही बाई डोंगर उतरून सरळ आमच्या दारात येऊन उभी राहिली. माझ्या आईला म्हणाली, "मला राहायला कोपरा द्या, शाळा मी चालवते." आईनं विचारलं, "पगार कोन देनार बाय?" त्या म्हणाल्या, "तुम्ही जेवता ते मला वाढा."

वीस महिने त्यांनी शाळा चालवली. जयवंता तेव्हा पोटुशी होती. तिचं बाळंतपण त्यांनी आणि आईनं मिळून केलं. आमची चिमा जन्मली ती आनंदीबाईंच्या हातात. जयवंताला अक्षरओळख होती तेवढीच. तिला त्यांनी चुलीपुढं बसवून शिकवलं, आणि मी सुटून आलो त्याच्या पुढच्या वर्षी माझी बायको फायनलची, म्हणजे सातवीची, परीक्षा पास झाली. मला विचाराल तर मी पेढे वाटले. पण मनात थोडं टोचलंही, खोटं कशाला बोलू? माझ्या बायकोला मी शिकवलं असं मला म्हणता आलं नाही. मी परतल्यावर आनंदीबाई आपल्या गावी गेल्या आणि तिथं देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या ओवऱ्यांत, मराठी शाळा चालवू लागल्या. इकडं जयवंता बिगारीच्या, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या, पोरांना शिकवायला लागली.

आता पत्रात काय होतं? जूनपासून गोव्यात सत्याग्रह पेटला होता. पोर्तुगीज सरकार सभा घेणाऱ्यांना पकडत होतं, काहींना बोटीत घालून थेट पोर्तुगालच्या तुरुंगात धाडणार अशी बोलवा होती. आनंदीबाईंच्या शाळेच्या पडवीत दोन सत्याग्रही पावसाचे थांबले, एवढंच निमित्त. तिथल्या अंमलदारानं त्यांना शाळेत पाऊल टाकायची बंदी केली. 'गणपती झाल्यावर शाळा उघडायच्या दिवशी दुसरा शिक्षक उभा केला तर ठीक, नाहीतर शाळा कायमची बंद,' असं त्यानं बजावलं होतं. 'इथलं कुणी भीतीनं पुढं येत नाही. चाळीस मुलं आहेत. कुणी शिक्षक असेल तर कळवा. वर्षभराचा प्रश्न आहे.' एवढंच लिहिलं होतं. आपल्या वीस महिन्यांचा एका अक्षरानंही उल्लेख नव्हता.

मी पत्र घेऊन तडक देवळात गेलो. संध्याकाळी गाव तिथंच बसायचं. आमच्याकडं लावणीला मजूर लावत नाहीत. आज तू माझ्या खाचरात, उद्या मी तुझ्या, याला सावड म्हणतात. कुणी आपल्याकडं दिवस घातला आणि आपण त्याच्याकडं गेलो नाही, तर त्या घराशी माणसं बोलायची बंद होतात. बुधाजीबाबा गावातला जाणता माणूस. त्यांनी पत्र ऐकलं, इरलं बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "ही सावड हाय रं. त्या बाईनं वीस म्हैने आपल्या गावात घातले. आता तिच्या खाचरात मानूस पायजे."

"मानूस कोन?" कुणीतरी विचारलं.

सगळी तोंडं माझ्याकडं वळली. आणि माझा स्वभाव तुम्हाला सांगितलाच. पुढं काय आहे, कुठं जायचं आहे, काही विचार न करता मी छाती काढून म्हणालो, "मी जातो! इंग्रजाला नाही भ्यालो, तो फिरंग्याला भिणार?" काय टाळ्या पडल्या! बुधाजीबाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी घरी आलो तो हवेत चालत आलो. जयवंताला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." आणि पातेलं घासत राहिली. मला वाटलं, काळजी वाटतेय तिला, बाईमाणूस आहे.

चार दिवसांनी मी कर्जतला गेलो. पावसाळ्यात माथेरानची हॉटेलं बंद असतात, म्हणून आनंदीबाईंचा भाऊ मालकाचं सामान राखायला कर्जतला लागूनच्या भिसेगावात खोली घेऊन राहायचा. गाडी कुठं बदलायची, सरहद्दीवर काय विचारतात, ते त्याला विचारायचं होतं. त्याच्या खोलीत नुकताच गोव्याहून आलेला एक माणूस बसला होता. त्यानं मला नमस्कार केला नाही, कारण त्याला हात जोडता येत नव्हते. फिरंगी पोलिसांनी पळीसारख्या लाकडी फळीनं त्याचे तळहात फोडले होते. कातडी काळीनिळी, बोटं सुजून वळेनाशी झालेली. त्याचा पोरगा त्याला चहा पाजत होता. गुन्हा काय, तर म्हणे घोळक्यात उभा राहून घोषणा दिली.

मी येरवडा बघितलेला माणूस. पण येरवड्यात मी शंभर जणांत होतो, बाहेर आपलं गाव होतं, आपली भाषा होती. इथं मी एकटा जाणार होतो. समोरची भजी मी त्या पोराकडं सरकवली. मी त्या माणसाला विचारलं, "तुरुंगात जाऊन आलेल्याला आत घेत नसतील ना हो?" कशाला विचारलं ते माझं मला ठाऊक. तो म्हणाला, "चौकशी करतात. कधी सोडतात, कधी परत पाठवतात. नेम नाही."

नेम नाही म्हणाला. आणि मी गावात येऊन काय सांगितलं? "येरवड्यामुळं माझं नाव सरहद्दीवरच्या यादीत आहे. मला आत घेत नाहीत."

झालं! गाव हळहळलं. बुधाजीबाबा म्हणाले, "मास्तरांचा काय दोष? देशासाटी तुरुंगात गेले, त्येच आडवं आलं." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं दुःखानं घातली. जयवंता बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. फक्त एकदा, पण त्या दिवशी मला परत तिच्याकडं बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या खाचरात लावणी होती. वीस-बावीस बाया ओळीनं वाकलेल्या, बुधाजीबाबा बांधावर बसून रोपांच्या जुड्या फेकत होते. सगळ्यांची एकच चर्चा, की आता आनंदीबाईंना कळवायचं कसं. कुणी म्हणे पैसे धाडू, कुणी म्हणे तांदूळ धाडू. तेवढ्यात जयवंता ताठ उभी राहिली. कोपरापर्यंत चिखल, पदर खोचलेला.

"बाबा, एक विचारू का?" ती म्हणाली.

"विचार की गं."

"आपल्यात गड्याचा दिवस कोन फेडतो?"

"गडी."

"आनि बाईचा?"

"बाई. ह्ये काय विचारनं झालं?"

"मंग शाळा चालवली ती आनंदीबाईनं. बाईनं. ती राह्यली आमच्या घरात, उभी राह्यली आमच्या घरच्या मानसाच्या जागी. म्हंजे सावड गावावर नाय, आमच्या घरावर हाय, आनि ती बाईनंच फेडायची हाय. तुमी समदे पयल्या दिसापासून गडी कशाला शोधताय?"

बुधाजीबाबांच्या हातातली जुडी हातातच राहिली. पन्नास वर्षं त्यांनी गावाच्या सावडी लावून दिल्या होत्या. कुणाकडं कुणाचा दिवस आहे हे झोपेत सांगायचे. आणि एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती! त्यांच्या काय, कुणाच्याच आली नव्हती. आम्ही सगळे धरूनच चाललो होतो की मास्तरच्या जागी माणूस आलं, तर फेडायला मास्तरच जाणार.

"खरं हाय," बुधाजीबाबा हळूच म्हणाले. "चुकलंच आपलं."

"काही खरं नाही!" मी बैल सोडून चिखलातून तसाच धावत आलो. "तीन वर्षांची पोर आहे घरात. तिथं काय चाललंय ठाऊक आहे का तुला? मी बघून आलोय! खबरदार कुणी पुन्हा हा विषय काढला तर!"

जयवंता वाकली आणि पुढची मूठ लावायला लागली. मला वाटलं, संपलं.

संपलं कुठलं! पंधरा दिवसांनी आनंदीबाईंचं दुसरं पत्र आलं, आणि ते जयवंताच्या नावावर होतं. तिनं त्यांना परस्पर लिहिलं होतं. उत्तरात होतं की अंमलदारानं तिचं नाव घेतलं आहे, बाई शिक्षक चालेल म्हणतो, पण लग्न झालेल्या बाईनं नवऱ्याची लेखी संमती आणली पाहिजे. त्याशिवाय नोकरीवर घेणार नाही. सोबत कागदाचा नमुना होता.

माझं डोकंच फिरलं. ओसरीवर येऊन मी ते आईपुढं नाचवलं. "बघ! बघ तुझ्या सुनेचे प्रताप! मला न विचारता पत्रं लिहिते!"

माझी आई, गौराबाई, कमी बोलायची. ती तांदूळ पाखडत होती. मला घरच्या नावानं म्हणाली, "मालू, वरडू नकोस. पोर निजलीय."

जयवंता आतून आली. पदराला हात पुसत समोर उभी राहिली. मला वाटलं रडेल, पाया पडेल. ती म्हणाली, "अवो, येक सांगा. बेचाळीसला तुमी पत्रकं घेऊन घरातनं गेलात, तवा माझी सही मागितली व्हती का?"

मी पत्र खाली ठेवलं.

"मला चौथा म्हैना व्हता. तुमी सांगितलंसुदिक नाय. पोलीस आले तवा मला कळलं. वीस म्हैने मी कुनाला बोलले नाय, कारन काम चांगलं व्हतं. आता काम चांगलं नाय का?"

"तिथं मारतात गं," मी म्हणालो. "हात फोडतात. मी बघितले ते हात."

"तुमी बघून आलात ते मला त्याच दिशी कळलं. घरी येऊन तुमी कुनावर येकदासुदिक वरडला नाय." ती माझ्याजवळ खाली बसली. "मला भ्या वाटत नाय असं नाय. पन मी काय घोषना द्यायला जात नाय. चाळीस पोरांना बाराखडी शिकवायला जाते. ती शाळा बंद झाली तर आनंदीबाईनं काय करायचं? तिला पोर नाय, घर नाय. माझी पोर जिनं या हातावर झेलली, तिची शाळा बुडताना मी हितं बसून बघू?"

मी उठून अंगणात गेलो. गोठ्यात बैलांपुढं वैरण टाकली. खरं सांगतो, मला तिचा राग आला नव्हता. मला लाज वाटत होती. नुसती अक्षरओळख असलेली पोर मी लग्न करून आणली, आणि ती आज मला एवढं मोठं बोलून गेली, आणि त्यात एक शब्द चुकीचा नव्हता. मी येरवड्याला गेलो तेव्हा गावानं चार वर्षं माझं नाव घेतलं. हिनं पाठीमागं पोर जन्माला घातली, सासू सांभाळली, शेत लावलं, पुस्तक शिकली, आणि कुणी तिला काही म्हटलं नाही. मीसुद्धा नाही.

आत येऊन दौत मागितली. कागदावर नमुन्याप्रमाणं लिहिलं, 'माझी पत्नी जयवंता हिला परमुलखात शिक्षिकेचं काम करण्यास माझी संमती आहे.' सही केली. आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही सहीची मला एवढी शरम वाटलेली नाही. तिनं कागद वाळवला, घडी घातली आणि म्हणाली, "चिमाला दूध पाजायचं राह्यलंय."

गावात बातमी पसरली आणि बघा काय झालं! सगळं श्रेय माझ्या पदरात. "मास्तरांचं काळीज मोठं! सोता जाता येत नाय म्हनून बायकोला धाडतायत!" विहिरीवर, चावडीवर, जो भेटेल तो मला हात जोडी. मी दोनदा सांगायला तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. जयवंता ऐकायची आणि तिच्या कामाला लागायची. पेटीत चार लुगडी, एक पाटी, खडूंचा पुडा. चिमाला तिनं पन्नास वेळा सांगितलं की आई शाळेत चाललीय, उन्हाळ्यात येणार. चिमा प्रत्येक वेळी म्हणायची, "मी पन." आणि प्रत्येक वेळी जयवंता तोंड फिरवायची.

गणपतीला चार दिवस उरले असताना आम्ही बैलगाडीनं कर्जतला गेलो. आनंदीबाईंचा भाऊ चवथीला घरी निघाला होता, त्याच्या सोबतीनं ती जाणार होती. आमच्यामागं अर्धं गाव आलं. कर्जतला घाटासाठी मागं इंजिनं लावेपर्यंत गाडी थांबते, तेवढा वेळ मिळाला. जयवंता बायकांच्या डब्यात खिडकीशी बसली. आई तिच्या मुठीत देवाचा अंगारा देत होती. चिमाला मी कडेवरनं खाली उतरवून हाताला धरलं होतं.

आणि बुधाजीबाबांनी पिशवीतनं झेंडूचा हार काढला आणि माझ्या गळ्यात घातला. माझ्या! मग फलाटावरच बोलायला उभे राहिले. "आपले मास्तर देशासाटी तुरुंगात गेले, आनि आज त्यांनी आपली लक्ष्मी..."

"थांबा बाबा," मी म्हणालो.

ते थांबले नाहीत. मी ओरडलो, नेहमीसारखा ओरडलो. "थांबा म्हणतो ना! मी कुणाला धाडत नाही. ती चाललीय. माझं नाव कसल्या यादीत आहे की नाही, मला ठाऊकसुद्धा नाही. मी खोटं सांगितलं. भिसेगावात त्या माणसाचे हात बघितले आणि मी भ्यालो. पळालो. ऐकलंत? भ्यालो मी!"

बुधाजीबाबांना कुठं बघावं कळेना. हमालसुद्धा थबकला. माझे कान तापले होते आणि डोळ्यांतनं पाणी येत होतं, ते पुसायची शुद्ध नव्हती. मी खिडकीकडं बघितलं. वाटलं, हिची मान खाली गेली असेल माझ्यामुळं.

जयवंता खिडकीच्या गजांतनं माझ्याकडं बघत होती. हसत नव्हती, रागावलीही नव्हती.

"मला ठाव हाय," ती म्हणाली, माझ्यापुरतं, हळू. "म्हनून तर चिमाला तुमच्यापाशी ठेवून चालले. भिनारा मानूस पोराला जपतो."

गाडी हलली. आई गाडीबरोबर चार पावलं चालली आणि थांबली. डबे एकामागून एक घाटातल्या ठाकुरवाडीकडं निघून गेले, मागची इंजिनं गेली, गाव हळूहळू फाटकाकडं वळलं. मी तिथंच उभा होतो. शेवटी चिमानं माझ्याकडं मान वर करून बघितलं आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "आबा, हात सोडा ना. दुखतोय."